बारा बंद आणि दीड नाडी

शिवलिंगप्पा मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात दर्शनी बाजूला एक पितळी खिळा आहे. सोलापूरच्या आमच्या बाळीवेशीत तो खिळा सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मास्तर त्यावर फक्त आपलं सर्वांत उत्तम काम टांगतात. कधी नवरदेवाचा कोट, कधी वकिलाचा काळा डगला, आणि संक्रांत जवळ आली की सिद्धेश्वराच्या यात्रेची पांढरीशुभ्र बाराबंदी. यात्रा उरकून थोडे दिवस झाले होते. मी माझ्या पँटची चौकशी करायला दुकानात गेलो, तर त्या मानाच्या खिळ्यावर विटक्या पोपटी रंगाचं काहीतरी लटकत होतं. त्याला बाह्या होत्या, म्हणून त्याला कपडा म्हणायचं. एरवी त्यानं भांडी पुसली असती तरी भांड्यांनी तक्रार केली असती.

"मास्तर, हे कुणाच्या मापाचं?"

"कुणाच्याच न्हाय!" मास्तर मशीनवरून उठलेच. "तेच तर सांगालोय सकाळधरनं सगळ्यांना! ह्याला मापच न्हाय, सर. माणसाला बघून शिवलेलंच न्हाय हे. पोत्याला बघून शिवलंय. आणि पोत्याचं तोंड तरी एका बाजूला असतंय. हे बघा!"

त्यांनी तो कपडा गर्रकन फिरवला. मानेपासून खालपर्यंत मागची बाजू सताड उघडी. मानेजवळ एक नाडी, कमरेजवळ दुसरी. त्यातलीही कमरेची नाडी एकाच बाजूला शिल्लक होती. दुसऱ्या बाजूला नुसता धाग्यांचा झुपका.

"दीड नाडी!" मास्तर ओरडले. समोरच्या पानवाल्यानं मान वळवली. "बारा बंदांची बाराबंदी शिवणाऱ्या माणसाला दीड नाडीवर झोपवणार होते! आणि वर ती सिस्टर म्हणती, आतले कपडे पण काढा आजोबा. आजोबा!"

तो हॉस्पिटलचा गाऊन होता. मास्तर तो सकाळीच पिशवीत घालून पळवून घेऊन आले होते. पुरावा म्हणून.

झालं होतं असं, की मास्तरांना हर्निया आहे. जांघेत लिंबाएवढी गाठ येते, आडवं झालं की आत जाते. वर्षभर त्यांनी ती कुणाला सांगितली नाही. शेवटी बायकोनं, गिरिजाबाईंनी, त्यांना धरून सर्जनकडं नेलं. सर्जनचं नाव मृत्युंजय. सर्जनाचं नाव मृत्युंजय असावं यावर मास्तर सोडून सगळे खूश होते. मास्तरांचं म्हणणं, नाव चांगलं आहे पण शर्टाचा खांदा उतरलेला आहे. डॉक्टरांनी गाठ दाबून पाहिली आणि स्पष्ट सांगितलं: ऑपरेशन साधं आहे, ठरवून करू, दोन-तीन दिवस राहायचं. पण टाळत बसलात आणि एखाद्या दिवशी आतडं त्या गाठीत अडकलं, तर मग ते साधं राहणार नाही. जिवावर बेतेल.

डॉक्टरांनी तारीख दिली. इथंच घोटाळा झाला. तारीख या वस्तूकडं मास्तर कसं बघतात हे डॉक्टरांना माहीत नव्हतं. बाळीवेशीतल्या लेकरालासुद्धा माहीत आहे. मास्तरांकडं कापड टाकलं की ते डोळे मिटून म्हणतात, "गुरुवारी या." गुरुवारी गेलं की म्हणतात, "काज-बटण राहिलंय, गुरुवारी या." कुठल्या गुरुवारी, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या पँटचं कापड मी घेतलं तेव्हा माझी कंबर वेगळी होती. आता ती पँट झाली तरी मला होणार नाही, पण विचारायला जायची सवय लागली आहे. अशा माणसाला डॉक्टरांनी तारीख दिली! ती आली, आणि मास्तरांनी फोन करून सांगितलं, "साहेब, यात्रेचं काम अंगावर हाय. जरा गुरुवारी बघू की." यात्रा झाली, मग लग्नाचे सूट आले. डॉक्टर बिचारे प्रत्येक गुरुवारी वाट बघत बसले. पेशंटसारखं ताटकळायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली असावी.

शेवटी गिरिजाबाईंनी पिशवी भरली. कडक भाकरी, शेंगांची चटणी, विभूतीची डबी, दोन चादरी. हॉस्पिटलच्या चादरीवर झोपायला सोलापूरच्या माणसाला काय झालंय? मास्तरांनी त्यात आपली टेप आणि कात्री टाकली.

"कात्री कशाला री?" गिरिजाबाईंनी विचारलं. नवऱ्याला 'अहो' म्हणायच्या ऐवजी त्या कानडीतलं 'री' लावतात.

"मी जाईन तिथं कात्री येती."

आणि त्या सकाळी मास्तर उपाशीपोटी, शिस्तीत दाखल झाले. गाऊन हातात मिळेपर्यंत शिस्त टिकली. तो घालून ते आरशापुढं उभे राहिले, वळले, आणि त्यांना स्वतःची मागची बाजू दिसली. गिरिजाबाई खाली कागदांवर सही करत होत्या. त्या वर येईपर्यंत मास्तर स्वतःच्या कपड्यात मागच्या जिन्यानं उतरून गेले होते. जाता जाता त्यांनी कोपऱ्यावर दोन प्लेट इडली आणि चहा घेतला. भुकेपोटी नव्हे. पोट भरलेल्या माणसाला भूल देत नाहीत, हे त्यांना सिस्टरनंच सांगितलं होतं.

आता यात हसण्यासारखं खूप आहे आणि मी हसलोही. पण खरं सांगू का, तो गाऊन बघताना मलाही राग येत होता. माणूस हॉस्पिटलात जातो तेव्हा आधीच अर्धा झालेला असतो. त्याचं घड्याळ काढून घेतात, चप्पल काढून घेतात, दात बसवलेले असतील तर तेही वाटीत. नावाऐवजी बेडचा नंबर मिळतो. एवढं सगळं घेतल्यावर निदान मागची बाजू तरी त्याची त्याला ठेवावी की नाही? ज्या शहरानं अर्ध्या देशाला चादरी पांघरायला घातल्या, त्या शहरात आजारी माणसाच्या पाठीला हातभर कापड पुरत नाही!

"मी न्हाय जाणार," मास्तर म्हणाले. "गेलो तर माझ्या कपड्यात जाणार. मी शिवतो. ह्यांना दाखवतो गाऊन म्हंजे काय असतो."

"मग ह्यालाच नाडी लावून टाका की," पानवाला म्हणाला. "दोन मिनिटांचं काम."

मास्तरांनी त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की त्यानं पुन्हा कात लावायला घेतला. दुसऱ्यानं शिवलेल्या कपड्याला मास्तर हात लावत नाहीत. रेडीमेड पँट आखूड करायला घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला त्यांनी एकदा पायरीवरूनच परत पाठवलं होतं.

मग दुकानात जे सुरू झालं ते सांगायला हवं. मास्तरांनी उत्तम, मऊ, पांढरं सुती कापड आणलं. ते भिजवलं, वाळवलं, इस्त्री केलं. गळा तीनदा कापला. मुंढा, म्हणजे बाही जिथं खांद्याला मिळते ती जागा, सैल ठेवली, सलाईनचा हात सुखानं आत जावा म्हणून. पोटाशी वेगळा पदर, डॉक्टरांना उघडता यावा म्हणून. आणि सगळीकडून बंद. खांद्याला, बगलेला, कमरेला, मांडीशी. एकूण बारा. ती हॉस्पिटलची बाराबंदी होती. लग्नाचे सूट कपाटात पडून राहिले आणि नवरदेवांचे बाप पायरीवर बसून राहिले.

दाराजवळ गिरिजाबाईंनी भरलेली पिशवी तशीच होती. त्या रोज तिच्यावरची धूळ झटकायच्या, चटणी बदलायच्या, आणि विचारायच्या, "कधी?"

"बंद राहिलेत लावायचे. गुरुवारी."

एकदा मी बसलेलो असताना मास्तर मशीन चालवता चालवता थांबले. पायाची हालचाल बंद झाली, हात जांघेवर गेला. तोंडाचा रंग कापडासारखा पांढरा. ते हळूच खाली जमिनीवर कापडाच्या तुकड्यांत आडवे झाले आणि छताकडं बघत पडून राहिले. आतल्या दारात गिरिजाबाई उभ्या होत्या. नुसत्या मास्तरांच्या हाताकडं बघत होत्या. बऱ्याच वेळानं गाठ आत गेली. मास्तर उठले, घाम पुसला आणि म्हणाले, "बॉबिन संपली होती."

आणि एकदाचा तो पोशाख झाला. मास्तरांनी तो सदऱ्यावरूनच चढवला आणि बाराही बंद बांधून दुकानाच्या मधोमध उभे राहिले. पानवाला आला, दोन नवरदेवांचे बाप आले, मी होतोच. मास्तर गोल फिरले. खोटं कशाला बोलू, रुबाबदार दिसत होते. हर्निया झालेला संस्थानिक म्हणावा असे.

"बघा!" मास्तरांचा आवाज चढला. "कुठनं तरी काही दिसतंय का? माणूस आजारी पडला म्हणून त्याची लाज आजारी पडती का? कुणावर म्हणून ही वेळ येऊ नये! दीड नाडी बांधून चार माणसांसमोरनं चालायचं, ह्याला काय जगणं म्हणायचं? कोण सहन करंल हे? सांगा, कोण सहन करंल?"

"मी केलं," गिरिजाबाई म्हणाल्या.

त्या चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारातून आल्या होत्या. ट्रे त्यांनी कापायच्या टेबलावर ठेवला. तिथं काही ठेवायची कुणाला परवानगी नाही.

"माझी गर्भपिशवी काढली तेव्हा. ह्याच हॉस्पिटलात, ह्याच रंगाच्या गाऊनमधी. तीन दिवस. एका हाताला सलाईन, दुसरा हात मागं नेऊन ते दोन पदर धरून चालले मी संडासापर्यंत. जिन्यात वॉर्डबॉय उभे, पेशंटला बघाय आलेली माणसं उभी. हाक मारली तुमाला. कुठं होता तुमी?"

मास्तर कमरेचा बंद चाचपू लागले.

"मी सांगते कुठं होता. खाली चहावाल्याजवळ होता. त्याच्या सदऱ्याची कॉलर कुणी बिघडवली ते त्याला समजावून सांगत होता. वर आला तर काय म्हणाला? हितला चहा पातळ हाय म्हणाला!"

एका नवरदेवाचा बाप हळूच उठून चप्पल शोधायला लागला.

"तुमाला वाटलं, बाईमाणूस हाय, चालतंय. तिच्या पाठीला कोण बघालंय! तेव्हा नाही आठवले तुमाला बारा बंद? एक तरी शिवला असता री. एकच. माझी पाठ काय रस्त्यावर पडली होती?"

"गिरिजा, अगं..."

"साकु!" गिरिजाबाई पुरत्या चिडल्या की कानडीत शिरतात. पुरे, असा त्याचा अर्थ, पण 'पुरे'त एवढी धार नाही. "तुमचा मान हाय, आमचं काय कापडाचं चिंधूक हाय? आणि आता हे शिवत बसा. आतडं अडकलं की हे नेसवूनच पाठवते तुमाला. बाराही बंद मीच बांधते."

त्या आत गेल्या. चहावर साय धरली तरी कुणी कपाला हात लावला नाही. मास्तर बारा बंदांत उभेच होते. सोडायला लागले, पण गाठी सुटेनात. कमरेचा, पाठीमागं बांधलेला बंद एकट्यानं सुटत नाही, हे शिवताना त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी पानवाल्यानं सोडला.

"सर," मास्तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या गाडी काढता का?"

"उद्या बुधवार आहे, मास्तर."

"बुधवार तर बुधवार!" ते माझ्यावरच खेकसले.

सकाळी मी मास्तर आणि गिरिजाबाई दोघांना घेऊन गेलो. चंद्रिका सिस्टर दारातच भेटल्या. ठसठशीत बाई, आवाज असा की सलाईनसुद्धा वेळेवर चालावं.

"आला का गाऊनचोर! आणा आमचा गाऊन."

मास्तरांनी तो धुऊन, इस्त्री करून, घडी घालून आणला होता. वर आपला पोशाख ठेवला. "हा घालणार मी. नियमात बसत नसंल तर नियम बदला."

सिस्टरनं पोशाख उलगडला. बोटं फिरवली. क्षणभर वाटलं विरघळल्या. "छान आहे की हो मास्तर. नंतर वॉर्डात खुशाल घाला. ऑपरेशनला आमचाच. आमचा भट्टीतून काढलेला असतो, जंतू मेलेले. तुमचा तुमच्या दुकानात फिरून आलाय."

"पण मागनं उघडा कशाला?"

मागून डॉक्टर मृत्युंजय आले होते. ते म्हणाले, "कारण इंजेक्शन पाठीच्या मणक्यात द्यायचं आहे, मास्तर. पाठ उघडी नको का?"

हा मुद्दा मास्तरांना अजिबात सुचलेला नव्हता. त्यांच्या पोशाखाची पाठ तर किल्ल्यासारखी बंद होती. पण हार मानणारा माणूस नव्हे तो. "मग खिडकी ठेवा की तेवढी! खिडकी पाहिजे म्हणून सगळी भिंत पाडताय व्हय?"

डॉक्टरांनी सिस्टरकडं बघितलं. त्या बाबतीत मी मास्तरांच्या बाजूचा आहे.

"हे बघा," सिस्टर म्हणाल्या, "माझ्या भावाच्या लग्नाचा कोट तुमच्याकडं होता. अक्षता पडल्या, जेवणावळी उठल्या, वरात निघाली, तेव्हा कोट आला. माझ्या भावानं स्वेटर घालून लग्न केलं, मे महिन्यात. तुम्ही मला कपड्यावर शिकवू नका. कपाटातला वरचा गाऊन घ्या आणि चला."

वरचा गाऊन मास्तर घालून बाहेर आले, आणि त्यांचा चेहरा बघून मी ओळखलं. नाडी दीडच होती. आधीच्या गाऊनशी काही देणंघेणं नसलेला दुसराच गाऊन, पण शिवणारा तोच असणार, किंवा बेपर्वाई तीच. ऑपरेशनची खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला. व्हरांडा माणसांनी भरलेला. वॉर्डबॉयनं ढकलगाडी आणली तर मास्तर म्हणाले, "जिवंत हाय तोवर चालत जाणार." आणि दोन पावलं टाकून थांबले. दोन्ही हात मागं.

गिरिजाबाई पुढं झाल्या. मास्तरांच्या मागं अगदी चिकटून उभ्या राहिल्या, आणि गाऊनचे दोन्ही पदर ओढून मुठीत धरले.

"चला."

निघाली वरात. पुढं ताठ मानेनं मास्तर, मागं पावलाला पाऊल लावून गिरिजाबाई.

"ओढू नको, गळा आवळालाय."

"हळू चाला मग."

"हळूच चाललोय. तू पाय देतीस."

"बोलू नका. माणसं बघालेत."

"बघू दे की! तुझ्या वेळंला..." मास्तर थांबले. वळता येत नव्हतं, म्हणून समोरच्या भिंतीलाच म्हणाले, "तुझ्या वेळंला मागं कुणी नव्हतं."

"न्हाय."

"मी यायला पाहिजे होतो."

"व्हय. पाहिजे होता. चाला आता, सगळे खोळंबलेत."

दाराशी सिस्टरनं हात आडवा केला. बाई, इथपर्यंतच. गिरिजाबाईंनी मूठ सोडली नाही. सिस्टरनं त्यांच्याकडं बघितलं, दीड नाडीकडं बघितलं, आणि त्यांच्या रागाचं पहिल्यांदाच स्वतःच्या खात्याकडं तोंड झालं. "मेल्यांना सतरा वेळा सांगितलं, फाटके गाऊन बाजूला काढा म्हणून!" मग त्यांनी माझ्या हातातल्या मास्तरांच्या पिशवीतून कात्री आणि बाराबंदी काढली, आणि बाराबंदीचा कमरेचा बंद कचकन कापला.

"अगं बाई! माझा बंद!" मास्तर ओरडले. पोटाला चाकू लागायच्या आधीच त्यांना कळ आली होती. "उरेब कापलंय ते! तिरकं कापड हाय, सुतं निघतील!"

"निघू देत," गिरिजाबाई म्हणाल्या. त्यांनी तो बंद मास्तरांच्या कमरेभोवती घेतला आणि मागं बांधला.

"निरगाठ मारू नको. आत सोडायची असती."

"कळतंय मला."

दार लागलं. पाठीत इंजेक्शन, त्यामुळं कमरेखालचे मास्तर झोपले, वरचे जागेच राहिले. आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. आधी बेडची चादर कुठल्या मिलची, यावर. मग दिव्यावर. मग, "साहेब, टीप बारीक घाला बरं का," आणि डॉक्टरांचा आवाज, "मास्तर, तुम्ही बोललात की पोट हलतं." गिरिजाबाई बाकावर बसून होत्या. आतला आवाज चालू आहे तोवर त्यांच्या चेहऱ्यावर चीड होती. मधेच तो थांबला, आणि त्या उठून उभ्या राहिल्या. मग पुन्हा ऐकू आलं, "गाठ आतल्या बाजूनं मारा." त्या परत बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

काही वेळानं डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन नीट झालं होतं. "पण आणखी थोडं टाळलं असतं तर अवघड होतं," ते म्हणाले. "आतडं येऊन बसायलाच लागलं होतं तिथं." आणि मग जरा घुटमळले. "मास्तरांनी निरोप दिलाय. शब्दशः सांगायला सांगितलंय. गिरिजाला म्हणावं, तुझ्या पाठीचं माप घ्यायचं राहिलंय. घरी गेल्या गेल्या तुझा गाऊन शिवतो. पुन्हा कधी लागला तर असावा. तुला कधी वेळ आहे, विचारलंय."

गिरिजाबाईंनी कात्री पिशवीत टाकली, पिशवीचं तोंड आवळलं.

"गुरुवारी या म्हणावं."